आई-बाबांना रेडवुड दाखवायचेत? मग नदीकाठच्या राईत थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रीमाँटहून गाडीनं निघायचंय, जूनच्या शेवटी चार दिवस मोकळे आहेत, सोबत साताऱ्याहून आलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रेडवुड हे कॅलिफोर्नियातले उंचच उंच वृक्ष त्यांना दाखवायचेत, तर सॅन फ्रान्सिस्कोजवळची म्युअर वूड्स ही राई बघून परत यावं, की थेट ओरेगनच्या सीमेपर्यंत जावं? आणि मुलीला ते बुंध्यातून गाडी जाते ते झाड बघायचंय.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि बरीच वर्षं रेडवुडच्या वाटांवर स्वयंसेवक म्हणून लोकांना फिरवते. त्यांत मुला-मुलींकडे आलेले आपल्याकडचे आई-वडील पुष्कळ असतात. त्यांच्याबरोबर फिरताना जे दिसलं, त्यावरून सांगते.

वर जा. पण चार दिवसांत सीमेजवळची क्रेसेंट सिटी गाठायचा हट्ट करू नका. सॅन फ्रान्सिस्कोहून ते साडेतीनशे मैल आहे आणि तुम्ही तर अजून खालून निघणार. जाऊन-येऊन दोन दिवस नुसते गाडीत जातील, आणि गाडीच्या काचेतून रेडवुड दिसतच नाहीत. दिसतो तो बुंध्याचा खालचा वीस-तीस फुटांचा तुकडा. तीनशे फुटांचं झाड बघायचं तर त्याच्याखाली उतरून, मान वर करून, दहा मिनिटं तरी थांबावं लागतं. म्हणून पहिला मुक्काम गार्बरव्हिल किंवा मिरांडाजवळ, पुढचे दोन अर्काटा-ट्रिनिडॅडकडे आणि चौथ्या दिवशी परत, एवढंच ठेवा. पाचवा दिवस मिळाला तर वरचं जेडेडाया स्मिथ पार्क जोडा. त्याबद्दल पुढे लिहिते.

म्युअर वूड्स वाईट नाही. सपाट लाकडी वाट आहे, घराजवळ आहे, गुडघ्याला त्रास नाही. गाडी लावायची तर आधी आरक्षण करावं लागतं, २०१८पासून तसा नियम आहे. तिथली सर्वांत उंच झाडं अडीचशे फुटांच्या आसपास आहेत. मात्र वर हम्बोल्ट भागात नदीच्या गाळावर वाढलेली झाडं साडेतीनशेच्याही वर जातात, आणि फरक नुसता शंभर फुटांचा नाही. म्युअर वूड्स ही एका घळीत उरलेली छोटी राई आहे. वरती जंगलात शिरल्यावर चारी बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत फक्त तीच झाडं असतात. आई-बाबा एवढ्या लांबून आलेत, तर त्यांना ते बघू द्या.

एक गोंधळ आधीच मिटवते, कारण दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. जनरल शर्मन नावाचं प्रसिद्ध झाड या रस्त्यावर नाही. तो जायंट सिक्वोया, सिएरा नेवाडा डोंगरातला. एकूण लाकडाच्या आकारमानाला जगात पहिला. आपण बघणार आहोत तो कोस्ट रेडवुड, उंचीला जगात पहिला. हा बिग सरच्या दक्षिणेपासून ओरेगनच्या जरा आतपर्यंत, समुद्राला धरून सुमारे साडेचारशे मैलांच्या अरुंद पट्ट्यातच नैसर्गिकरीत्या वाढतो. समुद्रापासून आत फार जात नाही, याचं कारण धुकं. इथं पाऊस हिवाळ्यात पडतो. आपला पावसाळा असतो तेव्हा इथं कोरडं. त्या कोरड्या महिन्यांत समुद्रावरून धुकं येतं, पानांवर साचतं, थेंब होऊन खाली मुळांशी पडतं. काही पाणी पानंच थेट शोषून घेतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या मोजणीत या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यातला साधारण एक तृतीयांश वाटा धुक्याचा निघाला. सकाळी नदीच्या खोऱ्यात धुकं असेल तर हिरमुसू नका. आकाश निळं नसलं तरी फोटो चांगले येतात, आणि झाडाखाली उभं राहिलात तर बाहेर पाऊस नसताना अंगावर टपटप थेंब पडतात. बाबांना महाबळेश्वरची आठवण येईल.

कपड्यांचंही यातूनच ठरतं. पहिल्या दिवशी दुपारी उकायाला पस्तीस अंशांच्या वर ऊन असेल आणि दुसऱ्या दिवशी ट्रिनिडॅडच्या किनाऱ्यावर बारा-तेरा अंश. आईंची शाल, स्वेटर, कानटोपी डिकीत तळाशी टाकू नका, हाताशी ठेवा.

पहिला दिवस: हायवे १०१ धरा आणि तोच धरून राहा. समुद्राकाठचा हायवे १ फोटोत फार सुंदर दिसतो, पण फोर्ट ब्रॅगच्या वर तो डोंगरात वळतो तेव्हा लेगेटपर्यंत सलग वळणं आहेत. मागच्या सीटवर ज्यांना गाडी लागते त्यांचा सगळा दिवस वाया जातो. विलिट्सला जेवा, पेट्रोल भरा. त्याच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. मागे गाड्या साचल्या तर कडेला केलेल्या जागेत गाडी घेऊन त्यांना पुढे जाऊ द्या; दोन पदरी रस्त्यावर मागे पाच गाड्या झाल्या की बाजूला होणं हा कॅलिफोर्नियात कायदाच आहे. लाकडाचे ट्रक चालवणारी स्थानिक माणसं या वळणांवर रोज असतात, त्यांच्याशी स्पर्धा नको. दिवे दिवसाही लावा. झाडांच्या सावलीत भर दुपारी अंधारतं आणि समोरच्याला तुमची गाडी दिसत नाही.

लेगेटला शँडेलियर ट्री आहे, मुलीला हवं असलेलं. खासगी बागेत आहे, तिकीट काढून आत जाता येतं. १९३०च्या दशकात त्याच्या बुंध्यात बोगदा पाडला आणि झाड अजून जिवंत आहे, कारण झाडाचं पाणी वाहतं ते बाहेरच्या थरातून. मधलं गाभ्याचं लाकूड आधारापुरतं असतं. पण आधार काढून घेतला की पुढचं एखादं वादळ जड जातं. योसेमिटीतलं बोगद्याचं झाड १९६९मध्ये पडलं, कॅलाव्हेरासमधलं जानेवारी २०१७च्या वादळात पडलं. दोन्ही सिक्वोया होते. माझं मत विचाराल तर नका जाऊ. जूनमध्ये तिथं गाड्यांची रांग असते आणि तासभर थांबून अर्ध्या मिनिटात पलीकडे निघायचं. त्याऐवजी पुढच्या राईत मुलीला जळालेल्या बुंध्याच्या पोकळीत उभं करा. जुन्या वणव्यांनी झाडांच्या तळाशी खोल्या कोरल्यात; सुरुवातीचे वसाहतवाले त्यात बदकं-हंस कोंडत. काही पोकळ्यांत तुम्ही सगळे एकदम मावाल, आणि वर पाहिलं तर झाड हिरवंगार. रेडवुडची साल जुन्या झाडावर फूटभर जाड असते, तिच्यात राळ जवळपास नसते आणि टॅनिन भरपूर, म्हणून ती सहज पेटत नाही. बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचं सर्वांत जुनं स्टेट पार्क ऑगस्ट २०२०च्या वणव्यात जवळपास पूर्ण होरपळलं, आणि काही महिन्यांतच काळ्या बुंध्यांवर हिरवे कोंब फुटले. मुलांना हे बोगद्यापेक्षा जास्त आवडतं, मी पाहिलंय.

गार्बरव्हिलच्या थोडं अलीकडे रिचर्डसन ग्रोव्ह लागतं. इथं १०१ अक्षरशः जुन्या झाडांच्या मधून जातो. बुंधे रस्त्याच्या कडेला टेकलेले. रस्ता इथं एवढा अरुंद आहे की सर्वांत लांब ट्रकांना बंदी आहे. तो सरळ आणि रुंद करावा म्हणून रस्तेखात्यानं योजना आणली, आणि मुळांना इजा होईल म्हणून लोक कोर्टात गेले. दशकाहून जास्त काळ हा वाद चालला. रेडवुडची मुळं खोल नसतात, फार तर दहा-बारा फूट; ती आडवी शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्यामुळे बुंध्यापासून लांब खणलं तरी झाडाला लागतं. वाट सोडून बुंध्याजवळ जाऊ नका असं मी सारखं म्हणते तेही त्यामुळेच. हजारो पावलांनी माती घट्ट होते आणि वरची बारीक मुळं गुदमरतात.

दुसरा दिवस हा सगळ्या प्रवासाचा गाभा. सकाळी लवकर अव्हेन्यू ऑफ द जायंट्सवर या. हा जुना १०१. १९६०च्या सुमारास शेजारून नवा मोठा रस्ता झाला तेव्हा हा एकतीस मैलांचा तुकडा तसाच ठेवला, ईल नदीच्या दक्षिण फाट्याला धरून. सगळे मैल पुरे करायची गरज नाही. तीन ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी तासभर तरी द्या.

पहिलं फाउंडर्स ग्रोव्ह. अर्ध्या मैलाची सपाट वाट, बाबांना काठी घेऊन सहज जमेल. इथं डायरव्हिल जायंट आडवा पडलाय. ३६० फुटांहून उंच होता. २४ मार्च १९९१ला पडला. मुलीला त्याच्या मुळांपासून शेंड्याकडे चालायला लावा, पावलं मोजायला लावा. उभ्या झाडाची उंची डोळ्याला कळत नाही, आडव्या झाडाची पायांना कळते. पडलेल्या लाकडावर आता नेचे, हकलबेरी आणि हेमलॉकची रोपं उगवलीत. हे लाकूड मातीत मिसळायला शतकं लागतील आणि तोवर ते पुढच्या झाडांना ओल पुरवत राहील, म्हणून इथं पडलेलं काही उचलत नाहीत.

ही राई वाचली ती १९१७च्या एका मोटारप्रवासामुळे, हे आई-बाबांना जरूर सांगा. तेव्हा उत्तरेकडे नवा हायवे होत होता. जॉन मेरियम, हेन्री ऑस्बर्न आणि मॅडिसन ग्रँट हे तिघं निसर्गप्रेमी गाडी घेऊन बघायला आले आणि त्यांना दिसलं की रस्ता जिथं पोचतोय तिथं कुऱ्हाडही पोचतेय. रस्त्याकडेच्या झाडांच्या द्राक्षमळ्यांसाठी काठ्या आणि रेल्वेचे स्लीपर होत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी सेव्ह द रेडवुड्स लीग काढली. वर्गणी गोळा करायची, कंपन्यांकडून राया विकत घ्यायच्या आणि राज्याच्या ताब्यात द्यायच्या, असं काम सुरू झालं. त्यातलाच ग्रँट वंशश्रेष्ठत्वाचा मोठा प्रचारक होता. १९२४च्या ज्या स्थलांतर कायद्यानं आपल्या लोकांना अमेरिकेची दारं बंद ठेवली, त्यालाही त्याच्या विचारांनी बळ दिलं होतं. उत्तरेच्या प्रेअरी क्रीक पार्कमधलं त्याच्या नावाचं स्मारक २०२१मध्ये काढलं गेलं. मी वाटेवर हे दोन्ही सांगते. झाडं वाचवली हे खरं, आणि कोणाला माणूस मानायचं याबद्दल त्याचे विचार विषारी होते हेही खरं.

नुसत्या मोठ्या नावांनीच काम झालं असंही नाही. हम्बोल्टच्या बायकांनी स्वतःची संघटना केली होती. १९२४मध्ये डायरव्हिलच्या सपाटीवर तोडणी सुरू झाल्याचं कळल्यावर लॉरा महान तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. त्यांच्या नावाची पाटी जंगलात आहे. थांबायची दुसरी जागा जवळच आहे, कॅलिफोर्नियाच्या महिला मंडळांच्या महासंघानं विकत घेतलेली राई. तिथं ज्युलिया मॉर्गन या वास्तुविशारद बाईंनी बांधलेली चार तोंडांची दगडी चूल आहे. जेवायला बसायला माझ्या मते अव्हेन्यूवर याहून चांगली जागा नाही.

जेवणाबद्दल एक कळकळीची विनंती. चिवडा, फरसाण, चपातीचे तुकडे खाली पडू देऊ नका. पडलेच तर शेव अन् शेव उचला. इथं स्टेलर्स जे नावाचा निळा, काळ्या तुऱ्याचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी आहे. माणसांचं खरकटं मिळतं तिथं त्यांची संख्या वाढते आणि मग ते मार्बल्ड मर्रेलेटची अंडी खातात. हा मर्रेलेट समुद्रात मासे धरणारा छोटा पक्षी. पण अंडं एकच घालतो आणि तेही किनाऱ्यापासून मैलोन्‌मैल आत येऊन, जुन्या झाडाच्या जाड, शेवाळलेल्या फांदीवर. त्याचं घरटं शास्त्रज्ञांना १९७४पर्यंत सापडलंच नव्हतं. तरुण झाडांना तशा फांद्या नसतात, त्यामुळे जुनं जंगल तुटलं की त्याला अंडं घालायला जागाच नाही. आपल्या डब्यातून पडलेली शेव त्या अंड्यापर्यंत पोचते. आजीला सांगितलंत तर ती नातीकडून बाक पुसून घेईल.

तिसरी जागा बुल क्रीकवरचं रॉकफेलर फॉरेस्ट. अव्हेन्यू सोडून मॅटोल रोडवर थोडं आत जायचं. रस्ता अरुंद, गाडी हळू. जॉन रॉकफेलर धाकटे यांनी वीस लाख डॉलर दिले आणि १९३१मध्ये ही जमीन लाकूड कंपनीकडून घेतली गेली. सुमारे दहा हजार एकर. सलग उरलेलं जुनं रेडवुड जंगल याहून मोठं कुठेच नाही. वळसा घालून येणारी वाट अर्ध्या मैलाहून थोडी जास्त, सपाट. गर्दी फाउंडर्स ग्रोव्हच्या मानानं नाहीच.

इथं उभं राहिलात की खाली बघा. त्रिदली हिरव्या पानांचा गालिचा दिसतो ना, ती आंबुशीचीच बहीण. आई लगेच ओळखतील. उन्हाची तिरीप पडली की ती पानं मिटून घेते आणि सावली आली की उघडते. मुलीला पाच मिनिटं तिथं बसवा. वाटेवर पडलेल्या रेडवुडच्या काटक्याही हातात घेऊन बघायला सांगा. काहींची पानं चपटी, पिसासारखी दोन बाजूंना; काहींची बारीक, खवल्यांसारखी, फांदीला चिकटलेली. दोन्ही एकाच झाडाची. खालची सावलीतली पानं प्रकाश पकडायला पसरतात. शेंड्यापर्यंत पाणी ओढून नेताना ताण एवढा वाढतो की तिथली पानं मोठी होऊच शकत नाहीत. २००४मध्ये झाडांवर चढून मोजणाऱ्या संशोधकांनी यावरूनच हिशोब मांडला की झाड १२२ ते १३० मीटरच्या पुढे वाढू शकणार नाही. बघून झालं की काटकी तिथंच ठेवायची.

नदीकाठची ही सपाटी नीट बघा असं मी म्हणते त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. बुल क्रीकच्या काठची झाडं संरक्षित झाली, पण वरचे डोंगर खासगी राहिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं तोडणी झाली. डिसेंबर १९५५च्या पावसात उघडे डोंगर खाली आले. ओढ्यानं दगडगोटे आणून पात्र भरलं, काठ खाल्ले आणि संरक्षित जंगलातली शेकडो महावृक्ष आडवी केली. डोंगरमाथा सोडून नुसता काठ वाचवता येत नाही हे तेव्हा कळलं आणि त्यानंतर हळूहळू सगळं पाणलोट क्षेत्र विकत घेतलं गेलं. १९६४च्या महापुरात तर ईल नदीनं अव्हेन्यूवरची गावंच नेली. वीऑटजवळ रस्त्याकडेला एका उंच खांबावर त्या पुराची पातळी दाखवलीय. गाडीतून मान बाहेर काढून वर बघावं लागतं.

तिथून युरेका-अर्काटाकडे जाताना स्कोशिया लागतं. आख्खं गाव एका लाकूड कंपनीनं वसवलेलं होतं. युरेकामध्ये विल्यम कार्सन या लाकूड व्यापाऱ्याचा १८८०च्या दशकातला लाकडी वाडा बाहेरून बघा, कारण झाडं कुठं गेली हेही दिसायला हवं. फोर्ट हम्बोल्टला जुनी तोडणीयंत्रं उघड्यावर मांडली आहेत. १८८१मध्ये इथल्याच जॉन डॉल्बीअरनं वाफेवर चालणारं ओढयंत्र केलं, आणि बैलांना जे ओंडके हलत नसत ते डोंगरावरून खाली यायला लागले. तोडण्यापूर्वीचं हे जंगल वीस लाख एकरांच्या आसपास होतं. आता त्यातलं साधारण पाच टक्के जुनं जंगल उरलंय.

म्हणजे तुम्ही १०१वरून जाताना दोन्ही बाजूंना जे हिरवं दिसेल त्यातलं बहुतेक जुनं नाही. ते ओळखायला शिकलात तर पुढचा सगळा रस्ता वेगळा दिसायला लागेल. जुन्या जंगलात झाडं दूर-दूर असतात, मधे उजेडाचे कवडसे आणि कमरेएवढे नेचे. बुंधे राखाडी, सालीला खोल चरे. शेंडा सरळ टोकदार नसतो. वादळात मोडून पुन्हा फुटलेला, कुठं वाळलेला, कुठं एकाच बुंध्यातून वर चार खोडं निघालेली. वाढून परत आलेलं जंगल म्हणजे दाट, सारख्या जाडीची, लालसर बुंध्यांची झाडं, शेंडे भाल्यासारखे, खाली अंधार आणि फारसं काही उगवलेलं नाही. त्यात अधूनमधून माणसाच्या डोक्याहून उंच, काळपट, रुंद खुंट दिसतील. खुंटाला दोन-चार चौकोनी खाचा असतील. तोडणारे फुगीर तळ टाळून वर उभं राहून करवत चालवत. उभं राहायच्या फळ्या त्या खाचांत बसवत. आणि खुंटाभोवती गोल करून तरुण रेडवुड उभे असतील. ते त्याच झाडाचे. रेडवुड तोडला तरी मुळाशी कोंब फुटतात. बाबा शेतीतले असतील तर त्यांना हा खोडवा सांगायलाच नको.

तिसऱ्या दिवशी ओरिककडे निघा. वाटेत ट्रिनिडॅडच्या वर सू-मेग स्टेट पार्क आहे. २०२१पर्यंत त्याला एका वसाहतवाल्याचं नाव होतं. तिथं युरोक लोकांची पारंपरिक फळ्यांची घरं उभारली आहेत. युरोक ही कॅलिफोर्नियातली सर्वांत मोठी आदिवासी जमात. ते रेडवुडचं पडलेलं लाकूड घरांना आणि होड्यांना वापरत. त्यांना भूतकाळात जमा करू नका: २०२२मध्ये याच जंगलात त्यांनी काँडोर गिधाडं पुन्हा सोडली, आणि क्लामथ नदीवरची चार धरणं २०२४पर्यंत काढली गेली त्यामागे त्यांचा लढा होता. क्लामथ गावी ते स्वतःच्या रेडवुडच्या होडीतून लोकांना नदीत नेतात. आधी ठरवावं लागतं, पण वेळ जमली तर मुलीसाठी बोगद्याच्या झाडापेक्षा हा खर्च सार्थकी लागेल.

ओरिकच्या पुढे न्यूटन ड्रुरी पार्कवे घ्या, १०१ सोडून, दहा मैल. बिग ट्री नावाचं झाड पार्किंगपासून अगदी जवळ आहे, बाबांना इथं काहीच त्रास नाही. कुरणात रूझवेल्ट एल्क चरत असतात; सांबरापेक्षा बरेच मोठे. जूनमध्ये माद्यांसोबत पिलं असतात, तेव्हा गाडीतूनच बघा. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह उंचावर आहे, चढाचा रस्ता, दीड मैलाचा सोपा फेरा; बाबांना त्या दिवशी बरं वाटत असेल तरच. फर्न कॅनियन मात्र सोडा. घळीच्या तळाशी पाण्यातून, ओंडक्यांवरून चालायचं आहे आणि उन्हाळ्यात आधी परवाना लागतो.

या भागात तुम्हाला राष्ट्रीय उद्यानाच्या आत झाडं तोडताना, ट्रकमधून नेताना दिसतील. घाबरू नका. १९६८मध्ये उद्यान झालं तेव्हा फार थोडी जमीन घेतली होती आणि कुंपणापर्यंत तोडणी चालूच राहिली. १९७८मध्ये आणखी ४८ हजार एकर जोडले, त्यातले बहुतेक आधीच तोडलेले. त्या विस्ताराविरुद्ध इथले कामगार १९७७मध्ये रेडवुडचा एक प्रचंड शेंगदाणा कोरून ट्रकवर घालून वॉशिंग्टनपर्यंत गेले होते, कारण राष्ट्राध्यक्ष कार्टर शेंगदाण्याचे शेतकरी. त्यांची पोटं त्या लाकडावर होती. त्यांचा राग मला समजतो. कंपन्यांनी तोडलेल्या जागी विमानातून डग्लस फरचं बी टाकलं. ती रोपं एवढी दाट वाढली की रेडवुडला वर यायला जागा नाही. आता विरळणी करतात, जुने लाकूडरस्ते उकरून ओढे मोकळे करतात. शंभर-दोनशे वर्षांनी तिथं पुन्हा जुन्यासारखं जंगल व्हावं म्हणून हे काम चाललंय.

हायपेरियनच्या मागे लागू नका. २००६मध्ये सापडलेलं जगातलं सर्वांत उंच झाड, ३८० फुटांच्या जवळ. वाट नाही, लोकांनी तुडवून आजूबाजूचे नेचे संपवले, म्हणून २०२२पासून तिथं जाण्यावर बंदी आहे आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. खालून ते शेजारच्या झाडांपेक्षा वेगळं दिसतही नाही.

पाचवा दिवस मिळाला तर क्रेसेंट सिटीजवळच्या जेडेडाया स्मिथ पार्कमधला हाउलंड हिल रोड. मातीचा, एकाच गाडीला जागा, समोरून कोणी आलं तर मागे घ्यावं लागतं. मोठी भाड्याची व्हॅन नेऊ नका. स्टाउट ग्रोव्हला दुपारी उशिरा पोचा, उन्हं तिरपी येतात तेव्हा. पार्किंगपासून खाली उतरायला छोटा पण तीव्र उतार आहे, बाबांना हात द्या. याच पार्कमधल्या ग्रोव्ह ऑफ टायटन्स या राईची जागा इंटरनेटवर फुटल्यावर तिथली जमीन तुडवून उघडी झाली होती. आता जमिनीपासून उचललेली जाळीची वाट केलीय, आणि खालून नेचे पुन्हा आलेत. क्रेसेंट सिटीच्या आधी लास्ट चान्स ग्रेड हा डोंगर खचणारा टप्पा आहे. तिथं रस्त्याचं काम चालू असतं आणि गाड्या थांबवून ठेवतात. तो वेळ धरून निघा.

उरलेलं भराभर. रेडवुड नॅशनल पार्कला प्रवेशशुल्क नाही. स्टेट पार्कच्या काही जागी दिवसाचं शुल्क आहे. फोन बऱ्याच ठिकाणी चालत नाही, नकाशे आधी उतरवून घ्या आणि अर्धी टाकी झाली की पेट्रोल भरा. तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर हात लावू देऊ नका, पॉयझन ओकनं आठवडाभर खाज सुटते. जोराचा वारा असेल त्या दिवशी जंगलात चालू नका. दोनशे फुटांवरून तुटलेली फांदी खाली येताना आवाज देत नाही. युरेकाच्या प्राणिसंग्रहालयात २०२१मध्ये झाडांतून शंभर फुटांवर पूल केलाय, बाबांना चढ न चढता वरून बघायचं असेल तर तिसऱ्या संध्याकाळी नाहीतर चौथ्या दिवशी सकाळी तो करा आणि अकराच्या आत परतीला लागा. जूनच्या शेवटी ४ जुलैच्या सुट्टीची गर्दी सुरू झालेली असते. ट्रिनिडॅडला खोल्या थोड्याच आहेत, त्या आत्ताच बघा. नाही मिळाल्या तर अर्काटा.